शब्द, लिपी आणि पान
गोमंतकीय मराठी मजकुराच्या वहनाचा इतिहास

डिचोली तालुक्यातील कारापूर हे साखळीला लागून असलेले गाव. वाळवंटीच्या काठचे विठ्ठलापूर आणि तेथील विठ्ठलमंदिर यांमुळे गोमंतकातील वारकरी परंपरेत या गावाला विशेष स्थान लाभले आहे. अशा गावांतून मराठी भाषा शतकानुशतके वावरली ती मुख्यतः कंठाच्या आणि हस्ताक्षराच्या आधारे. कीर्तन, भजन, पुराणश्रवण, पोथीची नक्कल, भजनाची वही ही तिची वाहने होती. छापील पुस्तक येथे उशिरा आले, आणि आले तेही बहुधा मुंबई-पुण्याहून. आज मात्र उत्सवाचा कार्यक्रम असो, स्मरणिका असो वा एखाद्या अभ्यासकाचा शोधनिबंध असो, तो कागदावर उतरण्याआधीच ‘पीडीएफ’ नावाच्या फाइलीच्या रूपाने गावाबाहेर पोहोचलेला असतो. पोथीपासून या फाइलीपर्यंतचा प्रवास यंत्रांच्या प्रगतीचा आहे, असे आपण सहज म्हणतो. पण प्रत्येक टप्प्यावर मजकुरातील नेमके काय वाहून नेले गेले आणि काय मागे राहिले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात तोच विचारावयाचा आहे.

कोणत्याही लिखित मजकुरात तीन गोष्टी एकत्र नांदत असतात. पहिली म्हणजे शब्द, अर्थात भाषेतील वर्णांचा क्रम. दुसरी लिपी, म्हणजे त्या वर्णांना दिलेली आकृती. तिसरी पान, म्हणजे त्या आकृतींची कागदावरील मांडणी. हस्तलिखितात या तिन्ही गोष्टी एकाच लेखणीतून उतरतात; त्यामुळे त्या वेगळ्या आहेत याची जाणीवही होत नाही. मुद्रणाने प्रथम त्यांची फारकत केली, आणि संगणकाने ती पूर्णत्वाला नेली. गोमंतकाच्या इतिहासात ही फारकत जितकी स्पष्ट दिसते तितकी ती मराठी प्रदेशात अन्यत्र क्वचितच दिसेल.

सहाशे साच्यांची अडचण

हिंदुस्थानातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला. तो वस्तुतः ॲबिसिनियाला जावयाचा होता; परंतु जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात तो स्थिरावला आणि त्याच वर्षी त्यावर छपाई सुरू झाली. गार्सिया द ओर्ता याचा औषधी वनस्पतींविषयीचा विख्यात ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. पण हे सारे मुद्रण रोमी लिपीतील होते. तमिळ लिपीचे खिळे १५७७-७८ च्या सुमारास तयार झाले. नागरीचे मात्र होऊ शकले नाहीत.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात याची मीमांसा आढळते. या भूमीच्या भाषेत आणि याच भूमीच्या लिपीत पुस्तके छापली जावीत, अशी त्यांची अनेक वर्षांची इच्छा होती. युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथे मात्र सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील आणि ते अशक्य वाटते, ही त्यांनी सांगितलेली मुख्य अडचण. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा, कारण पुढील चारशे वर्षे तो निरनिराळ्या रूपांत परत येत राहणार आहे.

परिणामी, १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे छापले गेलेले स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य रोमी लिपीत प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. मात्र या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मराठीतील मूर्धन्य वर्ण रोमीत दाखविण्यासाठी स्टीफन्स आणि त्यांचे सहकारी व्यंजनाचे द्वित्व वापरीत. एकेरी अक्षर दंत्य, दुहेरी अक्षर मूर्धन्य, असा हा संकेत होता. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात सोळाव्या शतकातील जी गोमंतकीय हस्तलिखिते आहेत, त्यांतही रामायण-महाभारतातील कथा आणि मराठी पद्ये रोमी अक्षरांतच उतरविलेली आहेत. या सर्व ठिकाणी शब्द वाहून नेला गेला, लिपी मागे राहिली.

आणि तरीही हा शब्द परत आणता आला. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील ‘क्रिस्तपुराणा’ची देवनागरी प्रत विसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आली. १९०७ मध्ये मंगळूरहून जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितांच्या आधारे रोमी आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची आणि १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती निघाली. रोमीतून नागरीत येणे शक्य झाले, कारण संकेत ठरलेला होता आणि वर्णांचा क्रम अबाधित होता. लिपी हरवली तरी शब्द शाबूत असेल, तर परतीची वाट खुली राहते.

तांब्याचे पत्रे आणि शिशाचे खिळे

याच्या नेमकी उलट अशी दुसरी वाट होती. ॲम्स्टरडॅम येथे १६७८ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘होर्तुस मलाबारिकस’ या वनस्पतिग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि अपू भट या तीन कोंकणी वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. नागरीचे खिळे नसताना हे कसे साधले? संपूर्ण मजकूर तांब्याच्या पत्र्यावर कोरून. म्हणजे ते मुद्रण अक्षरांचे नव्हे, अक्षरांच्या चित्राचे होते. मिरजेस १८०५ साली छापली गेलेली भगवद्‌गीताही ताम्रपटांवरून छापलेली आहे. पुढे शिळाप्रेसने हेच काम स्वस्त केले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये छापलेले पंचांग त्याच पद्धतीचे. येथे लिपी आणि पान दोन्ही हुबेहूब उतरतात, परंतु त्यातील एखादे अक्षर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. चूक दुरुस्त करावयाची तर पत्रा नव्याने कोरावा लागतो.

योगायोग असा की, ज्या १८०५ साली मिरजेची गीता ताम्रपटावरून निघाली, त्याच साली बंगालमधील श्रीरामपूर येथून विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण नागरी खिळ्यांत छापून बाहेर पडले. एकीकडे पान कोरणारा कारागीर, दुसरीकडे खिळे जुळविणारा जुळारी. पुढील शतक जुळाऱ्याचे ठरले. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये मुंबईत खिळे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, आणि नागरी मुद्रणाला प्रमाणभूत सौंदर्य दिले. स्टीफन्स यांची सहाशे साच्यांची अडचण मात्र संपली नव्हती. जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या, रफार यांच्यामुळे नागरीचा जुळारी शेकडो खणांपुढे उभा असे. लोकमान्य टिळकांसारख्या संपादकालाही ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल याचा खल करावा लागला.

गोमंतकात या काळी काय चालले होते? अठराव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगीज सरकारने छपाईवर बंदी घातली होती आणि १८२१ पर्यंत गोव्यात छापखाना नव्हता. डिचोली, साखळी, पेडणे हा नव्या काबिजादींचा मुलूख १७८० च्या दशकात पोर्तुगीज अमलाखाली गेला तो या मुद्रणहीन काळात. या मुलखात हिंदू समाजाचे धार्मिक व्यवहार आणि त्यांबरोबर मराठीचा वापर पुष्कळसा टिकून राहिला. पण तो टिकला हस्तलिखितांत. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर गोव्यातील मराठी नियतकालिकांना काहीसे मोकळे दिवस लाभले. मुक्तीनंतर १९६२ मध्ये दैनिक ‘गोमन्तक’ आणि १९७० मध्ये ‘नवप्रभा’ सुरू झाले. छापील मराठी गावोगाव नित्यनेमाने पोहोचू लागले ते खऱ्या अर्थाने या दैनिकांबरोबर.

यंत्रनिरपेक्ष पान

आता आपल्याला काही काळ गोव्याबाहेर जावे लागेल, कारण पुढचे वळण कॅलिफोर्नियात घेतले गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील गणनशास्त्रज्ञ डोनल्ड नूथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९७० च्या दशकात सिद्ध होत होती. शिशाचे खिळे जाऊन छायाक्षरजुळणीचे तंत्र आले होते, आणि त्या तंत्राने काढलेली मुद्रिते नूथ यांना इतकी विद्रूप वाटली की, १९७७ मध्ये त्यांनी अक्षरजुळणीचा प्रोग्राम स्वतःच लिहावयास घेतला. हा प्रोग्राम म्हणजे ‘टेक’. लेखकाने साध्या अक्षरांत मजकूर आणि मांडणीच्या सूचना लिहावयाच्या. टेक त्यावरून ओळी आणि पाने रचते.

टेकची रचना जुळाऱ्याच्या कामाशी विलक्षण मिळतीजुळती आहे. खिळ्यावर कोणते अक्षर कोरले आहे याच्याशी पानाच्या गणिताचा संबंध नसतो. संबंध असतो तो खिळ्याच्या रुंदी-उंचीशी. टेकलाही अक्षराची आकृती ठाऊक नसते. त्याला फक्त अक्षराच्या चौकटीची मापे ठाऊक असतात. ही मापे ते इतक्या सूक्ष्म एककात मोजते की, एका पॉइंटचे ६५,५३६ भाग पडतात. हे एकक दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही पुष्कळ लहान आहे. छपाईचे यंत्र कितीही सुधारले तरी पानाचे गणित बदलू नये, हा त्यामागील हेतू.

या गणिताचे फलित ज्या फाइलीत साठवले जाते तिचे नाव ‘डीव्हीआय’, म्हणजे यंत्रनिरपेक्ष फाइल. तिचा आराखडा डेव्हिड फुक्स यांनी १९७९ मध्ये केला. या फाइलीत असते ते एवढेच : अमुक फाँट घ्या, त्यातील अमुक क्रमांकाची आकृती ठेवा, इतके उजवीकडे सरका, इतके खाली या. ती पडद्यावरही दाखविता येते आणि कोणत्याही छपाईयंत्रावर पाठविता येते. परंतु तीत फाँटच्या आकृती नसतात. फाँटचे नाव असते, आकारमान असते, आणि फाँट तोच आहे की दुसरा हे पडताळण्यासाठी एक पडताळा-संख्या असते. खिळे मात्र ज्याचे त्याने आणावयाचे. कागदाच्या आकाराचीही तीत मुळात नोंद नसते. साहजिकच डीव्हीआय फाइल यंत्रनिरपेक्ष असली तरी स्थळनिरपेक्ष नव्हती. ज्या संगणकावर तोच फाँट नाही तेथे ती निरुपयोगी ठरे.

मराठी-संस्कृताच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९९१ हे होय. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाशी संबंधित फ्रान्स वेल्थुइस यांनी टेकसाठी देवनागरी फाँट आणि त्याला जोडून एक पूर्वप्रक्रियक प्रोग्राम त्या वर्षी उपलब्ध करून दिला. लेखकाने मजकूर रोमी अक्षरांत लिहावयाचा. दीर्घ स्वरासाठी अक्षराचे द्वित्व किंवा मोठे अक्षर, मूर्धन्य वर्णासाठी अक्षरापूर्वी टिंब, असे संकेत पाळावयाचे. हा प्रोग्राम त्याचे नागरी आकृतींत रूपांतर करी. येथे इतिहासाची पुनरावृत्ती लक्षात यावी. राशोलच्या छापखान्यात स्टीफन्स यांनी जो उपाय योजला, तोच ३७५ वर्षांनंतर ग्रोनिंगेनमध्ये योजला गेला : शब्द रोमी संकेतांत वाहून न्यावयाचा. फरक इतकाच की, राशोलला शब्द रोमीतच राहिला, ग्रोनिंगेनला यंत्राने त्याला त्याची लिपी परत दिली. आणि अडचणही तीच होती. त्या काळच्या फाँटमध्ये फार तर २५६ आकृती बसत, सहाशे नव्हेत. म्हणून अर्धी अक्षरे, काने, दांडे असे तुकडे करून ते पानावर जोडावे लागत. जुळाऱ्याची युक्ती संगणकाने उचलली.

एका आज्ञेचे काम

फाँट सोबत नेण्याचा प्रश्न सुटला तो पीडीएफने. ॲडोबी कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यास पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणली, आणि १९९३ मध्ये तिच्यावर आधारलेला पीडीएफ हा वहनसुलभ प्रकार प्रसिद्ध केला. या फाइलीत पानाच्या मांडणीबरोबर फाँटच्या आकृतीही समाविष्ट करता येतात. छापखान्यात फर्मा छापून झाला की खिळे सोडून परत खणांत टाकीत, कारण तेच खिळे पुढच्या पानाला हवे असत. पीडीएफची रीत उलटी आहे. तिची प्रत्येक प्रत आपले खिळे आपल्यासोबत घेऊन जाते.

टेकचे पान या नव्या वाहनात बसविण्याचे दोन मार्ग होते. पहिल्या मार्गात टॉमस रोकिकी यांच्या प्रोग्रामने डीव्हीआयचे पोस्टस्क्रिप्ट करावयाचे, आणि मग घोस्टस्क्रिप्टच्या साहाय्याने त्याचे पीडीएफ. या वाटेवर अक्षरे पुष्कळदा बिंदूंच्या जाळीतून घडविलेली असत. कागदावर ती उत्तम उमटत. पडद्यावर मात्र फुटकी आणि धूसर दिसत. दुसरा मार्ग थेट होता. मार्क विक्स यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘डीव्हीआयपीडीएफएम’ हा लहानसा प्रोग्राम लिहिला. त्याला खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. कमांड लाइनवर त्याचे नाव लिहावे, एक जागा सोडून फाइलीचे नाव लिहावे, आणि कळ दाबावी. क्षणार्धात त्याच नावाची पीडीएफ फाइल तयार.

या क्षणार्धात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. प्रोग्राम डीव्हीआयमधील प्रत्येक फाँटचे नाव वाचतो आणि एका तक्त्यात पाहतो की, या नावाचा वक्ररेषांनी आखलेला फाँट कोठे आहे. तो सापडला तर त्यातील, मजकुरात आलेल्या आकृतीच तेवढ्या उचलून फाइलीत ठेवतो. न सापडल्यास बिंदूंच्या जाळीवर भागवितो. कागदाचा आकार डीव्हीआयमध्ये नसल्यामुळे तो सांगावा लागतो. अमेरिकी वळणाच्या संगणकावर तो न सांगितल्यास २७९ मिलिमीटर उंचीचा त्यांचा कागद गृहीत धरला जाई, आणि आपल्याकडील २९७ मिलिमीटरच्या ए-४ कागदावर समास बिघडत. नागरीच्या वाट्याला वक्ररेषांचे फाँट येण्यास थोडा उशीर झाला. वेल्थुइस यांच्या फाँटचे तसे रूप चेक अभ्यासक कारेल पिश्का यांनी सिद्ध केले, त्यानंतरच ही वाट मराठी पानासाठी खऱ्या अर्थाने सुकर झाली.

या प्रोग्रामचा पुढचा प्रवास पौर्वात्यांच्या हातून झाला. कोरियाचे जिन-ह्वान चो आणि जपानचे शुन्साकू हिराता यांनी त्याची विस्तारित आवृत्ती केली, कारण कोरियन आणि जपानी लिपींना शेकडो नव्हे, हजारो आकृती लागतात. २५६ ची चौकट त्यांनी आपल्या गरजेपोटी मोडली. तिचा लाभ नागरीलाही झाला. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी युनिकोड जाणणारे ‘झीटेक’ प्रसिद्ध केले, आणि काही वर्षांतच त्याच्या मागे पीडीएफ घडविण्याचे काम याच प्रोग्रामच्या आणखी एका वंशजाकडे आले. आज मराठी मजकूर थेट नागरीत लिहून झीटेककडे देणाऱ्याला ही आज्ञा वेगळी द्यावी लागत नाही. परंतु पडद्यामागे तीच दिली जाते.

फाँटांच्या जंगलात

गोव्यातील किंवा महाराष्ट्रातील बहुसंख्य मुद्रकांनी मात्र टेकचे नावही ऐकले नव्हते. १९९० च्या दशकात खिळ्यांची जागा घेतली ती डीटीपीने. या व्यवस्थेत रोमी अक्षरांच्या जागी मराठी आकृती बसविलेले फाँट वापरले जात. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम ही त्यांतील परिचित नावे. प्रत्येकाची मांडणी निराळी. एकात ज्या क्रमांकावर ‘क’ असेल, दुसऱ्यात तेथे रफार असे. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ हा समान संकेत प्रमाण ठरविला होता. पण व्यवहारात फाँटांचे संकेतच चालत राहिले. फाँट नसलेल्या संगणकावर असा मजकूर उघडला की, पडद्यावर अर्थहीन रोमी अक्षरांची रास दिसे. ‘क्रिस्तपुराणा’तील रोमी अक्षरे वाचून मराठी उमगते, या रोमी अक्षरांतून कोणालाही काही उमगत नसे.

अशा स्थितीत पीडीएफ वरदान ठरली, यात आश्चर्य नाही. डिचोलीच्या मुद्रकाने म्हापशाला किंवा पुण्याला पान पाठवावे आणि ते जसेच्या तसे उघडावे, ही मोठीच सोय होती. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न होता पोहोचत. गेल्या तीसेक वर्षांत स्मरणिका, दिवाळी अंक, गौरवग्रंथ, ग्रामइतिहास, नाट्यसंहिता असा केवढा तरी मजकूर या वाटेने छापला गेला आणि फाइलींच्या रूपाने उरला. मूळ फाइली, त्या उघडणारे प्रोग्राम आणि ते फाँट बहुधा काळाच्या ओघात गेले. उरली ती पीडीएफ.

दिसणे आणि असणे

प्रश्न असा की, या पीडीएफमध्ये मराठी आहे का? डोळ्यांना ती दिसते हे खरे. पण त्या फाइलीत ‘विठ्ठल’ हा शब्द शोधावयास सांगा. पानोपानी विठ्ठलाचे नाव असूनही यंत्र सांगते की, असा शब्द येथे नाही. कारण त्या फाइलीत वर्ण नाहीत, आकृती आहेत. मराठीत आकृतींचा क्रम आणि उच्चाराचा क्रम एक नसतो. ‘वि’ म्हणताना व आधी आणि इ नंतर. लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व नंतर. ‘कीर्तन’ या शब्दात र हा त च्या आधी उच्चारला जातो, पण रफाराचे चिन्ह त वर चढते. ‘ठ्ठ’ ही एकच आकृती असते, वर्ण मात्र दोन. पान रचणारा प्रोग्राम शब्दाकडून आकृतीकडे जातो. उलट दिशेने यावयाचे तर कोणती आकृती कोणत्या वर्णांची, हे सांगणारा तक्ता पीडीएफमध्ये जोडलेला असावा लागतो. जुन्या फाँटांच्या फाइलींत तो नसतो, किंवा असला तर तो रोमी अक्षरांचा असतो. तक्ता असूनही वेलांटी आणि रफाराचा क्रम अनेकदा उलटापालटा निघतो.

म्हणजे १६७८ च्या ताम्रपटावरील प्रमाणपत्राची आणि या फाइलींची जात एकच. लिपी आली, पान आले. शब्द मागे राहिला. ‘क्रिस्तपुराणा’ची गोष्ट नेमकी उलटी होती, आणि म्हणूनच ते परत नागरीत आणता आले. आपल्या पिढीने छापलेल्या पुस्तकाविषयी तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

उपाय नाही असे नव्हे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने स्टीफन्स यांच्या सहाशे साच्यांच्या अडचणीला मुळातूनच वळण दिले. वर्ण वेगळे आणि आकृती वेगळ्या, हे त्याचे सूत्र. देवनागरीच्या मुख्य तक्त्यात अवघ्या १२८ जागा आहेत. जोडाक्षराच्या आकृती कितीही असोत, त्या फाँटमध्ये राहतात, मजकुरात नव्हे. मराठीच्या गरजाही त्यात हळूहळू सामावल्या गेल्या; ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. पीडीएफच्या बाजूनेही विचार झाला. दीर्घकाळ जतनासाठी २००५ मध्ये ‘पीडीएफ-ए’ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यात फाँट समाविष्ट असणे सक्तीचे आहे. पुढे २०११ मध्ये त्याच्या दुसऱ्या भागात अशीही एक पायरी आली की, जीत प्रत्येक आकृतीचा युनिकोडमधील वर्ण सांगितलेला असावा लागतो. पहिली पायरी पान जपते. ही पायरी शब्द जपण्याचाही प्रयत्न करते. जुन्या पानांची चित्रे वाचून त्यांतील अक्षरे ओळखणारे प्रोग्राम आता मराठीलाही उपलब्ध आहेत. परंतु त्यांनी उतरविलेला मजकूर जाणत्या मुद्रितशोधकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय विश्वसनीय मानता येत नाही.

जतनाचा व्यवहार

गोमंतकाला ग्रंथजतनाची परंपरा नवी नाही. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली स्थापन झाले. आज ते सोळाव्या शतकातील ग्रंथकार कृष्णदास शामा यांच्या नावाने ओळखले जाते. तथापि मोठ्या ग्रंथालयांत जे पोहोचते ते छापील पुस्तक. भजनी मंडळाची पदसंग्रहाची पुस्तिका, देवस्थानच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका, गावच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक, स्थानिक लोकवेदाचे संकलन यांना बहुधा गावातच राहावे लागते. कारापूर, पेडणे, मये, साखळी येथील सांस्कृतिक जीवनाचा उद्याचा अभ्यासक जो पुरावा शोधील तो याच कागदांत. ते कागद आज जर केवळ दिसण्यापुरते उरत असतील, तर ती हानी कोणा एका संस्थेची राहत नाही. ती संबंध परिसराची होते.

म्हणून अशा प्रत्येक छोट्या संस्थेने तीन गोष्टी ठेवाव्यात, असे सुचवावेसे वाटते. पहिली, युनिकोडमधील साधा मजकूर, कोणत्याही सजावटीविना. दुसरी, ज्या फाँटमध्ये पान रचले तो फाँट, शक्यतो मुक्त परवान्याचा. तिसरी, जतनयोग्य पीडीएफ, आणि ती पूर्ण करण्याआधी तीत दोन-चार शब्द शोधून पाहण्याची सवय. शब्द, लिपी आणि पान यांची ही त्रयी एकत्र राहिली, तर एखादी फाइल बिघडली तरी उरलेल्या दोहोंवरून ती पुन्हा घडविता येते. यासोबत चांगल्या कागदावरची एक छापील प्रत ग्रंथालयात ठेवावी हे सांगणे न लगे. ती उघडावयास कोणत्याही आज्ञेची गरज पडत नाही.

पूर्वी पोथीची नक्कल करणारा लेखक शेवटी शके, तिथी आणि आपले नाव नोंदवी, आणि लेखनात चुकभूल राहिली असल्यास वाचकाने सांभाळून घ्यावे अशी विनवणी करी. डीव्हीआय फाइलीच्या आरंभीही ती कोणत्या दिवशी आणि किती वाजता सिद्ध झाली याची नोंद असते. नक्कल करणाऱ्यास आपले काम पुढच्या हातात जाणार आहे याची जाण होती. त्याने शब्द, लिपी आणि पान तिन्ही एकाच वेळी पुढे दिले, आणि ती पोथी कोणालाही पुन्हा उतरून घेता आली. आपली साधने त्याच्याहून कितीतरी वेगवान आहेत. आपण पुढे दिलेला मजकूरही तसाच उतरून घेता यावा, एवढी काळजी घेणे आपल्याला अवघड जाऊ नये.